पीएचडीचं ठरलं, आता कारणं वाचा

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलत होतात आणि मला धड काहीच सांगता आलं नाही म्हणून लिहूनच काढतेय. पीएचडीचं ठरलं. मोठ्या नावाची ऑफर मी घेत नाहीये, दुसरी घेतेय, फिजिऑलॉजी आणि पॅथॉलॉजी एकत्र शिकवतात ती. बाबा, तुम्हाला वाईट वाटणार हे माहितीये मला, ते नाव चार लोकांत सांगता आलं असतं. पण आधी सगळं वाचा आणि मग बोला.

आधी आईचं शंकानिरसन. नाही गं, मी पेशंट बघणार नाहीये. एमडी करून पॅथॉलॉजिस्ट झालेले डॉक्टर बायॉप्सी बघून निदान करतात, रिपोर्टवर त्यांची सही असते. माझी डिग्री रिसर्चची, सहीबिही काही नाही, मी फक्त हे शोधायचं की चांगला चाललेला अवयव बिघडतो कसा. फिजिऑलॉजीवाले अवयव चालू असताना बघतात, दाब किती, प्रवाह किती, कशामुळे काय वाढतं नि कमी होतं. पॅथॉलॉजीवाले तोच अवयव बिघडल्यावर त्याचा पातळ काप काढून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली बघतात. बऱ्याच ठिकाणी ही दोन डिपार्टमेंट वेगळी असतात आणि विद्यार्थ्याला एकच बाजू येते, आणि मला नेमकं हेच नको होतं.

का ते किडनीवरून सांगते, कारण काम त्यावरच करायचंय. एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे रक्त गाळायची छोटी छोटी युनिट्स. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर गाळतात, त्यातलं बहुतेक सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि लघवी होते दीडेक लिटर. जन्मानंतर नवीन नेफ्रॉन तयार होत नाहीत, आहेत तेवढ्यावरच आयुष्य काढायचं. आता काही नेफ्रॉन गेले की उरलेले जास्त काम करतात, म्हणून तर क्रिएटिनिन, म्हणजे रक्तातला जो कचरा किडनी बाहेर टाकते तो, बराच काळ नॉर्मल दिसतं आणि माणूस गाफील राहतो. १९८२ मध्ये ब्रेनर नावाचे किडनीतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की हे जास्तीचं कामच उरलेल्या नेफ्रॉनना मारतं, आतला दाब वाढतो, रक्त गाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीवर व्रण पडतात, मग आणखी नेफ्रॉन जातात आणि हे चक्र चालूच राहतं. म्हणजे बघा ना, शरीर ज्या युक्तीने स्वतःला वाचवतंय त्याच युक्तीने त्याचं नुकसान होतंय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये माझ्या.

आणि यात दाब हा फिजिऑलॉजीचा भाग आणि व्रण पॅथॉलॉजीचा. मोठ्या नावाच्या त्या लॅबमध्ये सगळं काम डिशमध्ये वाढवलेल्या पेशींवर आणि सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे जनुकं वाचून काढलेल्या, डेटावर चालतं. काम उत्तमच आहे त्यांचं, पण डिशमध्ये रक्तदाब नसतो. डायबेटिससाठी आलेल्या एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या किडनी वाचवतात, २०२० च्या मोठ्या ट्रायलमध्ये तर डायबेटिस नसलेल्या किडनीच्या पेशंटनाही फायदा दिसला. त्यामागचं एक मुख्य कारण असं मानतात की गोळीमुळे नेफ्रॉनच्या नळीत पुढे जास्त सोडियम पोचतं, तिथल्या पेशी इशारा देतात, आत येणारी रक्तवाहिनी थोडी आकसते आणि जाळीवरचा दाब उतरतो. ही सगळी साखळी अखंड नेफ्रॉनमध्येच बघायला मिळते.

स्लाइड बघायला शिकणं पण मला तितकंच हवंय. रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट १९७९ मध्ये पोटाच्या बायॉप्सी बघत होते आणि त्यांना वाकडे बॅक्टेरिया दिसले, जिथे ते तिथे सूज. तेव्हा सगळ्यांना वाटायचं की जठरातल्या आम्लात जंतू टिकतच नाहीत, पण ते बघत राहिले, पुढे बॅरी मार्शल बरोबर आले आणि अल्सरची ट्रीटमेंटच बदलली, २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. सुरुवात झाली ती नीट बघण्यातून. मी घेतेय त्या प्रोग्रॅममध्ये रिसर्चच्या विद्यार्थ्यांना पॅथॉलॉजिस्टबरोबर मायक्रोस्कोपवर बसवतात, हे मला दुसरीकडे कुठेच सापडलं नाही.

गाइडबद्दल बाबांनी विचारलं होतं. गाइडशी बोलले, पण त्याहून जास्त वेळ त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोलले, आणि तेही गाइड समोर नसताना. किती वर्षांत संपते, मध्येच कोणी सोडून गेलं का, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, प्रयोग फसला की गाइड काय करतात, पास झालेले आता कुठे आहेत, सगळं विचारलं. एका ठिकाणी विद्यार्थी उत्तर द्यायच्या आधी एकमेकांकडे बघत होते, ते मला अजिबात आवडलं नाही. इथे मोकळेपणाने बोलले, तक्रारी पण सांगितल्या. शिवाय पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे दिवस काम करून मग गाइड ठरवायचा असतो, त्यामुळे मी पहिल्याच दिवशी अडकत नाहीये. गाइड दुसरीकडे गेले किंवा त्यांचं फंडिंग संपलं तर माझं काय, हेही विचारून ठेवलंय.

आई, उंदरांवर प्रयोग करावे लागतील, तुला ते रुचणार नाही आणि मलाही सोपं जाणार नाही. पण एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही प्राणी वापरता येत नाही. दुसरा मार्ग असेल तर तो घ्या, कमीत कमी प्राणी वापरा, त्रास कमीत कमी द्या, हे तत्त्व १९५९ पासूनचं आहे आणि मी ते मनापासून पाळणार आहे.

राहिला वर्षांचा प्रश्न. पाच वर्षं तरी लागतील, कदाचित सहा. तेवढ्यात तुमची वयं वाढणार आणि मी लांब असणार, याचाच विचार मला सगळ्यात जास्त छळतोय. बाबा, "आमची काळजी करू नकोस" असं नका म्हणू प्लीज, करणारच मी. त्यापेक्षा रिपोर्ट लपवू नका. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, वर लिहिलेला तो दाब तुमच्याही किडनीत असतोच. आणि तपासणी झाली की ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (गळून जाणारं प्रोटीन), दोन्हीचे आकडे मला पाठवा, नुसतं "नॉर्मल आहे" नको.

सोबत ऑफर लेटर पाठवतेय. बाबा, तुम्ही कागदपत्रं बारकाईने वाचता म्हणून सांगते, स्टायपेंडचं पान जरा नीट बघा. पहिल्या दोन वर्षांची हमी स्पष्ट आहे पण पुढचं वाक्य मला ढिलं वाटतंय, त्यांना मेल केलाय आणि लेखी उत्तर आल्याशिवाय सही करणार नाही. तुम्हाला आणखी काही खटकलं तर रविवारच्या आत कळवा.

तुमची,
मनू