कोपऱ्यातला ठिपका

कराड
गुरुवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन बंद केलास, तेव्हापासून हे पत्र मनात लिहितोय. व्हॉट्सॅपवर पाठवलं असतं, पण मग त्या निळ्या खुणा बघत बसायचं, ते मला जमत नाही. आत्यानं सांगायला नको होतं. मीच सांगायला हवं होतं, चार महिन्यांपूर्वी, हे कबूल. तुझी डिप्लोमा फिल्म एडिटवर होती, म्हटलं होऊन जाऊ दे. "तुम्ही नेहमी असंच करता," म्हणालीस. करतो. आजोबांच्या वेळीही केलं होतं.

तर काचबिंदू. मोतीबिंदू नव्हे. आई शेजारी मोतीबिंदूच सांगते, कारण तो काढता येतो. डाव्या डोळ्याचं प्रेशर ३१, उजव्याचं २८, हवं २१ च्या आत. रोज रात्री थेंब. गेलं ते परत येत नाही, आहे ते टिकवायचं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतच नाही. आणि आई-वडलांना असेल तर मुलांनी तपासून घ्यावं, असं मिरजेच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलंय. तेवढं करून घे. आता या विषयावर एक शब्द नाही.

तुझा 'कोर्ट'वरचा निबंध मी आधीच वाचला होता. तू दिवाळीत तो सिनेमा लावलास आणि मला डुलकी लागली, तेव्हा म्हणालीस, "बाबा, तीस वर्षं तुम्ही सिनेमे चालवलेत, बघितले नाहीत." हसत म्हणालीस, पण लागलं. काल दुपारी पुन्हा लावला, एकट्यानंच.

तू लिहिलंयस की चैतन्य ताम्हाणेनं कॅमेरा लांब ठेवला आणि हलवला नाही, त्यामुळे कुणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं. बरोबर आहे. पण ते तू धडधाकट डोळ्यांनी लिहिलंयस. मला कडेचं दिसत नाही. वकील बोलत असला की मला नुसता वकील दिसतो. न्यायाधीशासाठी नजर वर न्यायची, टंकलेखकासाठी खाली, मागच्या बाकावरच्यांसाठी पुन्हा तिसरीकडे. दिग्दर्शकानं जिथे कट मारला नाही, तिथे माझे डोळे मारत होते. आणि दरवेळी मी भलत्याच माणसाकडे असायचो. ती बिनबाह्यांचे कपडे घातलेली बाई, जिची केस त्या कपड्यांपायी न्यायाधीश ऐकत नाहीत, तिच्यापर्यंत नजर पोचली तोवर तिला पुढची तारीख मिळालेली. मग वाटलं, ज्याच्यावर खटला चाललाय त्या शाहीर नारायण कांबळेचं तरी वेगळं काय चाललंय? कुणाची नजर पोचेपर्यंत तारीख. हे तुझ्या निबंधात नाही. घाल हवं तर.

शेवटी कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे जातात, पडदा काळा. मी संपला म्हणून चहा ठेवायला उठलो! परत येतो तर न्यायाधीश सहलीला निघालेला. आमच्या थिएटरात असतं तर निम्मं पब्लिक गेटाबाहेर आणि डोअरकीपरच्या शिव्या मला. पण तो काळोख मधे नसता तर बागेतल्या बाकावर डुलक्या घेणारा तो माणूस, त्याला दचकवणारी पोरं, एकाला बसलेली थप्पड, हे सगळं नुसती गंमत होऊन बसलं असतं. आपण उठून गेलो तरी त्याचं चालूच असतं, हे मला चहा ठेवायला गेल्यामुळे कळलं.

काळ्या पडद्यावरून आठवलं. फेब्रुवारी २०१४, 'फँड्री'. तोवर रिळं गेली होती, बटण दाबलं की ऑपरेटर मोकळा. तू केबिनमधल्या स्टुलावर, दहावीची परीक्षा तोंडावर, आणि आईला सांगितलेलं की क्लासला गेलीय. शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, डुक्कर धरायला निघालेलं ते घर जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं, तेव्हा खाली पब्लिक खो खो हसलं. मग शेवटी त्या घरातल्या पोरानं, जब्यानं, भिरकावलेला दगड सरळ आपल्या तोंडावर आला आणि अंधार. हसणारं कुणी उरलं नाही. तू विचारलंस, "बाबा, दगड कुणाला लागला?" मी म्हटलं, "पडद्याला. चल, घरी आई वाट बघतेय." चांगलं उत्तर द्यायला हवं होतं.

जोडणीतलं मात्र मला कळतं हो. कुलेशॉव्हचा तो रशियातला प्रयोग तू सांगितलास, नटाचा चेहरा तोच, पुढे सूपाची थाळी लावली की भुकेला वाटतो, शवपेटी लावली की दुःखी. आम्ही ते नकळत करायचो. गावोगाव फिरून झिजलेली प्रिंट, तुटली की खराब तुकडा कापायचा आणि फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जॉइंट मारायचा. सेकंदाला २४ फ्रेम, फुटाला १६. वीस फूट गेले की तेरा सेकंद गेले. एका सिनेमात बाई नवऱ्याच्या मरणाची तार वाचते, पुढे तिचं रडणं. ते नेमकं कापलं गेलं, आणि तार वाचून बाई थेट दिराच्या लग्नात हसताना. शिट्ट्या पडल्या. शो सुटल्यावर एक म्हातारी जिन्याशी थांबून मला विचारते, "सुटली म्हनायची का वो ती?"

म्हणून सांगतो, कट मारताना घाई नको. तुकडा दहादा बघ, रात्री बारानंतर काही कापू नकोस, जेवल्याशिवाय बसू नकोस, खोलीत एक दिवा लावत जा, अंधारात त्या स्क्रीनकडे... झालं. आलो पुन्हा तिथेच. आणि तुला एडिटिंग शिकवणारा मी कोण? राग मानू नकोस.

एक सांगायचं राहिलंय. दर वीसएक मिनिटांनी रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा, हे तुला पाचव्या वर्षापासून माहीत. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू, सातएक सेकंदांनी दुसरा, त्याला चेंजओव्हर, म्हणजे चित्र दुसऱ्या मशीनवर न्यायचं. खालच्या सहाशे माणसांत तो कुणाला दिसायचा नाही, मला दिसायचा. तीस वर्षांत हुकलो असेन तो तुझ्या जन्माच्या रात्री. मिरजेला त्यांनी हनुवटी टेकवायला लावली, एक डोळा झाकला, म्हणाले, समोर बघत राहा, कडेला ठिपका चमकला की बटण दाबा. मनात म्हटलं, हे तर आपलंच काम. कागद हातात आला तर डाव्या डोळ्याचा वरचा भाग काळाच. तिथले ठिपके आले आणि गेले, मला पत्ता नाही. बाहेर येऊन आईला काही बोललो नाही. रसवंतीत बसलो.

आणि आता तुझी फिल्म. तू पाठवलेल्या कटमध्ये आजीवरून घेतलेला तो शॉट आहे. उंबऱ्याशी म्हातारी तांदूळ निवडतेय, बाजूला कुणी चहा ठेवतं, आणि ती अख्खी मान वळवून कप शोधते. किती वेळ धरलायस तो शॉट! मी फोनवर म्हणालो होतो, लांबलाय, काप. आजी तशीच वळायची. आपण म्हणायचो, म्हातारपण. वीस वर्षं मी तिच्या शेजारी जेवलो आणि मला ते दिसलं नाही. तू सातवी-आठवीत असताना बघून ठेवलंस. मनू, तो शॉट कापू नकोस. आत्याला दाखवला, ती उठून आत गेली.

आजी, मग मी. पुढचं लिहीत नाही.

मंगळवारी पुन्हा मिरज आहे. संध्याकाळी फोन केलास तर आई उचलेल, पण मी शेजारीच असेन. थालीपीठाची भाजणी येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते म्हणाली.

तुझे,
बाबा

ता.क. तपासायला जाशील तेव्हा स्कूटर नेऊ नकोस. बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, दोन-तीन तास धूसर दिसतं. मैत्रिणीला बरोबर ने. आणि नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस, वडलांना काचबिंदू आहे असं आधीच सांग.