नागपूरच्या उन्हाळ्यात ब्रेड मशीनचा पाव का बसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापला की जुन्या सामानाच्या जाहिरातींत ब्रेड मशीन दिसू लागतात. 'जेमतेम वापरलेले', 'नव्यासारखे', 'खोक्यासह'. विकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: पाव वर येतो आणि ऐन भाजताना खचतो, नाहीतर नुसती वीट निघते. यातली बरीचशी मशिन्स धडधाकट असतात. गडबड पाण्याच्या तापमानात, पिठात आणि मापात असते. नागपुरात नेमके काय बदलावे लागते हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

ब्रेड मशीन घड्याळावर चालते. साध्या पांढऱ्या पावाचा प्रोग्रॅम साधारण तीन ते साडेतीन तासांचा असतो आणि मळणे, फुगणे, मध्येच हवा काढणे, पुन्हा फुगणे, भाजणे यांची मिनिटे कारखान्यातच ठरलेली असतात. उंडा पुरेसा फुगला की नाही हे मशीनला कळत नाही. ती मिनिटे वीस-पंचवीस अंशांचे स्वयंपाकघर धरून बसवलेली आहेत. थंडी असेल तर ऊब द्यायला आत हीटर असतो. उंडा थंड करायची सोय मात्र घरगुती मशीनमध्ये नसते. आपल्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांवर उतरला होता. एकच पुस्तिका दोन्ही ऋतूंना कशी पुरणार?

मळून झाल्यावर उंड्याचे तापमान २५-२६ अंश असावे. त्यापुढे दर ८-१० अंशांना आंबण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातूनच गरम येते, मैद्याचा डबा खोलीइतकाच तापलेला असतो, वर मळताना घर्षणाने आणखी काही अंशांची भर पडते. उंडा सुरुवातीलाच पस्तीसच्या पुढे जातो. मशीन दीड तास फुगवणार असते, पण काम त्याच्या निम्म्या वेळातच उरकलेले असते. उरलेल्या वेळात वायू साठत राहतो, ग्लूटेनची, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांची, जाळी ताणून ताणून सैल पडते आणि भाजणे सुरू होताच वरचा घुमट मधोमध खाली बसतो. असा पाव कापला की वरच्या भागात मोठी भोके, तळाशी दडस थर आणि नाकाला दारूसारखा आंबूस वास. हा वास आला की वेगळे कारण शोधत बसू नये.

उपाय हिशेबाचा आहे. हवे असलेले तापमान, म्हणजे २६, तीनने गुणा: ७८. त्यातून खोलीचे तापमान, पिठाचे तापमान आणि घर्षणाचे अंदाजे ४ अंश वजा करा. उरले ते पाण्याचे तापमान. खोली ३८ आणि पीठही ३८ असेल तर उत्तर उणे २ येते, म्हणजे नुसत्या गार पाण्याने भागणार नाही. तेच पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून ८ अंशांवर आणले तर पाणी २८ अंशांचे चालते, आणि तेवढे तर माठातले पाणी असतेच. दुसरा मार्ग कूलरचा. कूलरच्या खोलीत हवा आणि पीठ दोन्ही ३० अंशांवर असतील तर १४ अंशांचे पाणी लागते. फ्रीजचे आणि माठाचे पाणी मिसळून ते जमते. मशीन कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये, भाजताना एक बाजू फिकी राहते. इन्स्टंट यीस्टचा बर्फगार पाण्याशी थेट संबंध येऊ देऊ नये, त्याने यीस्ट दुबळे होते आणि उंडा चिकट पडतो. भांड्यात आधी पाणी, मग पीठ, पिठाच्या वर खळगा करून त्यात यीस्ट. ज्यांच्या पुस्तिकेत क्रम उलटा आहे त्यांनी पुस्तिकेचाच पाळावा.

मापे ग्रॅममध्येच घ्यावीत. मध्यम पावाला मैदा ४००, पाणी २४०-२५०, मीठ ८, साखर १५, लोणी किंवा तेल २०, दूध पावडर १५ ग्रॅम. इन्स्टंट यीस्ट हिवाळ्यात ५ ग्रॅम, नवतपात ३ ग्रॅमच्या आत. पथ्याचे म्हणून कुणी मीठ गाळतात. मीठ यीस्टला आवर घालते आणि ग्लूटेनला बळ देते, तेव्हा उन्हाळ्यात तर ते गाळूच नये. पाव वर येत नाही म्हणून खायचा सोडा घालायची एक घरगुती खोडही आहे. त्याने पाव पिवळट पडतो, साबणासारखा वास मारतो आणि फुगत तर नाहीच.

एवढे करूनही कडक उन्हात प्रोग्रॅम शेवटापर्यंत चालू देऊ नये. शेवटचे फुगणे सुरू झाले की दर दहा मिनिटांनी झाकणाच्या काचेतून बघावे. उंडा भांड्याच्या काठाखाली साधारण एक इंचावर आला की प्रोग्रॅम रद्द करून 'फक्त भाजणे' हा प्रोग्रॅम ५० ते ६० मिनिटे लावावा. मेमधल्या पावाला याच्याइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही. घाईचा प्रोग्रॅम हा त्यावरचा उतारा नव्हे, कारण त्यात मुळात जास्त यीस्ट आणि जास्त ऊब धरलेली असते. गव्हाच्या पावाच्या प्रोग्रॅममध्ये मळण्याआधी बऱ्याचदा अर्धा तास साहित्य कोमट करण्यात जातो. गार केलेल्या पाण्याची मेहनत तिथेच वाया जाते. अशा वेळी 'फक्त मळणे' निवडावे. आणि रात्री साहित्य भरून सकाळसाठी टायमर लावणे एप्रिल ते जून विसरावे. दूध किंवा अंडे असेल तर ते नासणारच, नसेल तरी ओल लागून यीस्ट वेळेआधीच कामाला लागते.

आता पीठ. बाजारातल्या मैद्यात प्रथिने सहसा ९ ते ११ टक्के असतात. परदेशी पाककृती १२-१३ टक्क्यांचे ब्रेडचे पीठ धरून लिहिलेल्या असतात. पाकिटावरच्या तक्त्यात १०० ग्रॅमला प्रथिने किती ते बघावे आणि १० किंवा कमी असतील तर ४०० ग्रॅम मैद्याला ८-१० ग्रॅम गव्हाचे ग्लूटेन मिसळावे. बेकरीचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत ते मिळते.

कणकेचे गणित वेगळे. दगडी चक्कीत पीठ बारीक दळले जाते, स्टार्चचे कण मोडतात आणि पाणी जास्त पितात. म्हणून ४०० ग्रॅम कणकेला ३०० ग्रॅम पाण्यापासून सुरुवात करावी. कोंड्याचे धारदार तुकडे ग्लूटेनची जाळी कापतात, त्यामुळे निव्वळ कणकेचा पाव मैद्याइतका कधीच फुगणार नाही, ती आशाच ठेवू नये. २० ग्रॅम ग्लूटेन आणि त्याच्यासाठी वाढीव २५-३० ग्रॅम पाणी घातले की चांगला फरक पडतो. पीठ आणि पाणी तीन मिनिटे मळून, मशीन बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे, मग मीठ-यीस्ट घालून प्रोग्रॅम लावावा. कोंडा तेवढ्यात भिजून मऊ होतो. चक्कीवरून आत्ताच आणलेल्या पिठाच्या पिशवीत हात घालून बघा, आतून चांगले गरम लागते. ते पसरून पूर्ण निववल्याशिवाय वापरू नये. गहू लोकवन किंवा शरबती घ्यावा. बन्सी रव्याला, शेवयांना उत्तम, पण त्याचे ग्लूटेन ताणले जात नाही, पाव दडस होतो.

वाटीने मोजणाऱ्यांसाठी एक हिशेब. २४० मिलीच्या कपात चमच्याने हलका भरलेला मैदा १२० ग्रॅम बसतो, डब्यात कप खुपसून भरलेला १५० ग्रॅम. तीन कपांत ९० ग्रॅमचा फरक पडला की पाव कोरडा, ठेंगणा, वरून भेगाळलेला होणारच. छोटा डिजिटल वजनकाटा घेतला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

काटा असला तरी मळणे सुरू झाल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला झाकण उघडून बघायचेच. त्या वेळी झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. उंडा गोल, गुळगुळीत, भांड्याच्या कडा पुसून घेणारा असावा. बोट लावले तर किंचित चिकटून सुटावा. तळाशी चिखल पसरला असेल तर चमचा-चमचा पीठ, गोळा फुटून ठोकळे आदळत असतील तर चमचा-चमचा पाणी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तेच पीठ १०-१५ ग्रॅम पाणी जास्त मागते, श्रावणात तेवढेच कमी. कणकेच्या उंड्याला मात्र दहा मिनिटे वाट बघावी, कोंडा पाणी सावकाश ओढतो.

हिवाळ्याचे थोडक्यात: पाणी ३५ अंशांच्या आसपास कोमट, मशीन ओट्याच्या थंडगार दगडावर न ठेवता लाकडी पाटावर, आणि तरीही उंडा आला नाही तर भाजणे रद्द करून बंद झाकणात अर्धा तास थांबावे. यीस्ट जिवंत आहे का याची शंका असेल तर पाव कप कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि चमचाभर यीस्ट घालावे. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते फेकावे. कढत पाणी मात्र नको, ५५-६० अंशांना यीस्ट मरते.

मुलांनी अमेरिकेहून आणून दिलेल्या मशीनबद्दल वेगळे सांगायला हवे. ती ११०-१२० व्होल्टची असतात. आपल्या २३० व्होल्टला थेट जोडली तर जळतात हे बहुतेकांना ठाऊक असते. म्हणून व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावतात, पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०. एसी इंडक्शन मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, तेव्हा तशा मोटरचे मशीन असेल तर पाते सुमारे सहाव्या हिश्श्याने मंद फिरते आणि उंडा अर्धवट मळला जातो. हीटर ठीक चालतो, त्यामुळे रंग छान येतो आणि दोष कुणाच्या लक्षात येत नाही. मळण्याचा टप्पा संपताच प्रोग्रॅम रद्द करून पुन्हा पहिल्यापासून लावला की ही कसर भरून निघते. ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्यावा.

खरा बिघाड ओळखणेही अवघड नाही. रिकाम्या भांड्यात पाते नीट फिरते, पण उंडा पडला की अडते आणि मोटरचा आवाज मात्र येत राहतो, तर पट्टा ढिला किंवा गुळगुळीत झाला आहे. पट्टा बदलून मिळतो, मशीन टाकायची गरज नाही. कोपऱ्यात कोरडे पीठ राहते, तर पाते दांड्यावर पूर्ण बसलेले नाही. दांड्याभोवती जुना पाव चिकटला असेल तर भांड्यात कोमट पाणी भरून अर्धा तास ठेवावे, सुरीने खरवडू नये. भांड्याखाली पाणी झिरपते किंवा पावाच्या तळाला काळा डाग येतो, तर सील गेले आहे. वीज फुगण्याच्या टप्प्यात गेली तर घाबरू नये. ती आल्यावर उंडा बघून थेट भाजावा.

भाजून झालेला पाव पाच मिनिटांत भांड्याबाहेर काढून जाळीवर तासभर निववावा. आत राहिला तर वाफेने बाजू आत ओढल्या जातात. गरम कापला तर मध्य गिच्च लागतो आणि लोक भाजणे वाढवत बसतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मध्य चिकट झाला, तोडताना बारीक तारा सुटल्या आणि पिकलेल्या फळासारखा वास आला, तर ती उष्ण दमट हवेत वाढणाऱ्या जिवाणूंची करामत; भाजण्यातही त्यांचे बीजाणू टिकतात. असा पाव गाईलाही घालू नये, भांडे व्हिनेगरने पुसावे आणि पुढच्या काही खेपांना ४०० ग्रॅम पिठात एक चमचा व्हिनेगर घालावे. उरलेला चांगला पाव फ्रीजमध्ये लवकर शिळा होतो. काप करून फ्रीजरमध्ये ठेवावा.

आपल्या पुरवणीकडून एक अपेक्षा आहे. पावाच्या पाककृतीत साहित्य ग्रॅममध्ये छापावे आणि पाण्यापुढे नुसते 'कोमट' न लिहिता अंश लिहावेत. मे महिन्यात नागपुरात कोमट पाणी हीच चूक ठरते. दुकानदारांनाही विनंती आहे. यीस्टचे मोठे पाकीट फोडून सुट्या पुड्या बांधताना पुडीवर पाकीट फोडल्याची तारीख आणि मूळ पाकिटावरची मुदत लिहावी आणि त्या पुड्या काउंटरवरच्या काचेच्या बरणीत न ठेवता फ्रीजमध्ये ठेवाव्यात.

आपली एक वाचक,
धरमपेठ, नागपूर