झाड तोडण्याआधी मलवाहिनीचा सांधा तपासा

महोदय,

घराची मलवाहिनी वारंवार तुंबू लागली आणि चेंबरमध्ये मुळे दिसली, की सारा दोष अंगणातल्या झाडावर जातो आणि ते तोडण्याची भाषा सुरू होते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही हेच घडले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. प्लंबरने चेंबरमधून ओढून काढलेली मुळांची जुडी हातभर लांब होती, विस्कटलेल्या वेणीसारखी, आणि तिच्यात साबण-तेलाचा पांढुरका थर व कागदाचे लगदे घट्ट अडकले होते. मात्र ज्या फटीतून ती आत आली होती, तेथे मूळ पेन्सिलीहून बारीक होते. त्या फटीकडे त्या दिवशी कोणी लक्ष दिले नाही.

धडधाकट, सलग नळ फोडून मूळ सहसा आत शिरत नाही. मुळांची टोके जिथे ओल आणि हवा मिळते त्या दिशेने वाढतात, आणि सैल झालेल्या सांध्यातून पाझरणारे सांडपाणी त्यांना ओलीबरोबर नत्र आणि स्फुरदही पुरवते. केसाएवढे मूळ एकदा आत गेले की त्याला फाटे फुटतात, त्या जाळीत वाहून येणारा मैला अडकतो आणि पुढे तेच मूळ जाड होऊन सांधा आणखी उचकटते. जुन्या घरांत भाजलेल्या मातीचे जेमतेम हात-दीड हात लांबीचे नळ सिमेंटने जोडलेले असत. म्हणजे थोड्याशा अंतरात कितीतरी सांधे, आणि जमीन खचली की तडा आधी सिमेंटलाच जातो. पीव्हीसीच्या लांब नळांना सांधे कमी असल्यामुळे धोकाही कमी, पण घाईत बसवलेली रबरी कडी किंवा नीट न चिकटवलेला जोड असेल तर तेथेही मूळ वाट काढतेच.

पूर्वसूचना मिळत नाही असे नाही. एकच बेसिन तुंबले तर दोष बहुधा त्या बेसिनच्या नळीत असतो; परंतु न्हाणीत पाणी सोडल्यावर कमोडमधून गुडगुड आवाज येऊ लागला, किंवा तळमजल्यावरच्या सगळ्याच जाळ्यांतून पाणी सावकाश ओसरू लागले, तर अडथळा मुख्य वाहिनीत आहे असे समजावे. अशा वेळी वाहिनीत कॅमेरा सोडून पाहणी करून घ्यावी, म्हणजे नेमका कोणता सांधा निकामी झाला आहे ते कळते आणि सगळे अंगण उकरावे लागत नाही. हे काम बाहेरून, यंत्राने व्हावे. चेंबरमध्ये विषारी वायू साचलेला असू शकतो, त्यामुळे माणसाला आत उतरवण्याचा विचारही करू नये.

फिरत्या पात्याने किंवा जोरदार पाण्याच्या झोताने मुळे कापली की वाहिनी मोकळी होते, पण फट तशीच राहते आणि छाटलेले मूळ अधिक फाटे फोडून परत येते. आम्ही दोनदा मुळे कापून घेतली आणि दोन्ही वेळा पुन्हा तुंबल्यावरच जागे झालो. मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा मीठ ओतण्याचा सल्ला तर न मागताही मिळतो. मोरचुदाने सेप्टिक टाकीतले उपयोगी जिवाणू मरू शकतात, मिठाने आजूबाजूची माती बिघडते आणि सांधा मात्र उघडाच राहतो. खरा उपाय एकच, निकामी तुकडा बदलणे, किंवा नळ फारसा ढासळलेला नसेल तर आतून राळेचे (रेझिनचे) अस्तर बसवणे. न खोदता अस्तर घालण्याची ही पद्धत 1971 मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली गेली.

झाड तोडून प्रश्न सुटतो हा समज त्यामुळेच मला पटत नाही. काही झाडांचे खोड तोडले तरी बुंध्यातून धुमारे फुटतात, आणि चिकणमातीच्या जमिनीत मोठे झाड नाहीसे झाले की ते शोषून घेत असलेले पाणी मातीत राहून ती फुगते, ज्याचा ताण पुन्हा नळांवरच येतो. नवे झाड लावताना मात्र काळजी हवी. वड, पिंपळ, उंबर यांसारखी झाडे वाहिनीपासून चांगली दूर असावीत, कारण मुळांचा पसारा फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातो. चेंबरच्या भिंतीत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेले पिंपळाचे रोप दिसल्याबरोबर काढून टाकावे.

नवीन वाहिनी टाकताना चर बुजवण्याआधी खालचे टोक बंद करून ती पाण्याने भरावी आणि पातळी उतरते का ते पाहावे. काम करणारे ही चाचणी टाळतात, म्हणून घरमालकाने स्वतः उभे राहून ती करून घ्यावी. त्याच वेळी वाहिनी भिंतीपासून किती अंतरावर आणि किती खोल आहे याची मापे टिपून ठेवावीत. आमच्याकडे अशी मापे नव्हती, त्यामुळे कॅमेऱ्याने सांधा दाखवला तरी तो जमिनीत नेमका कुठे आहे हे शोधण्यासाठी तीन ठिकाणी खोदावे लागले. आता त्या मापांचा आराखडा विजेच्या मीटरच्या पेटीत आतल्या बाजूला चिकटवलेला आहे आणि झाड जागेवर आहे.

आपला नम्र,
एक वाचक