मोरोक्कोचा राजा आणि सिलिंडरचा भाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोरोक्कोवरील आपला अग्रलेख वाचला. 2011 मध्ये शेजारपाजारच्या राजवटी कोसळत असताना राजे सहावे मोहम्मद यांनी वेळीच नवी राज्यघटना देऊन देश सावरला, हे त्यातले म्हणणे खोटे नाही. पण त्या घटनेतून सामान्य माणसाच्या पदरात काय पडले, याकडे अग्रलेख वळतच नाही. माझी नोकरी खतांच्या धंद्यात झाली. आपल्याकडच्या डीएपी खताला लागणारे फॉस्फेट बरेचसे तिकडूनच येते, त्यामुळे कासाब्लांका आणि जॉर्फ लास्फर बंदराकडे जाणेयेणे असे. म्हणून हे लिहितो आहे.

घटनेत बदल झाले, नाही असे नाही. राजाला 'पवित्र' म्हणणे बंद झाले, अमाझिग म्हणजे बर्बर भाषेला अरबीच्या जोडीने राजभाषेचा दर्जा मिळाला आणि सर्वांत मोठ्या पक्षातूनच सरकारप्रमुख नेमण्याचे बंधन राजावर आले. 2016 मध्ये तेव्हाचे सरकारप्रमुख बेनकिरान यांचा पक्ष पुन्हा पहिला आला, पण पाच महिने आघाडी काही जुळेना. तेव्हा राजाने त्यांना बाजूला सारून त्यांच्याच पक्षाचे ओत्मानी नेमले. नियम पाळला गेला, आणि सूत्रे कुणाच्या हातात आहेत हेही सगळ्यांना कळले. सैन्य, धर्म, गृह, परराष्ट्र ही खाती राजवाड्याच्या मर्जीबाहेर जात नाहीत. निवडून आलेल्यांच्या वाट्याला उरते ती महागाई आणि तिच्यावरून खायच्या शिव्या.

तिथल्या गल्लीतले किराणा दुकान म्हणजे आपल्यासारखेच. उधारीची वही, सुटी साखर, चहा, गोल पाव आणि दाराशी ओळीने लावलेले सिलिंडर. बारा किलोचा सिलिंडर वर्षानुवर्षे 40 दिरहमला मिळे, उरलेले पैसे सरकार भरे. त्याच सिलिंडरवर शेतकरी विहिरीचा पंपही चालवतात. डिझेलवरचे अनुदान बेनकिरान यांच्याच काळात गेले. 2024 च्या मे महिन्यात सिलिंडर 50 दिरहमचा झाला. गरीब कुटुंबांना महिन्याला किमान 500 दिरहम थेट देण्याची योजना त्याआधी सुरू झाली होती, पण दुकानात उभ्या असलेल्या बाईला आधी सिलिंडरचा भाव दिसतो.

अग्रलेखात महागाईविरुद्धच्या 2018 च्या बहिष्काराचे नावही नाही, याचे मला नवल वाटले. पक्ष नाही, युनियन नाही, पुढारी नाही. फेसबुकवरून ठरले आणि लोकांनी एक दूध, एक बाटलीबंद पाणी आणि एका साखळीचे पेट्रोलपंप सोडून दिले. मोर्चा काढला तर लाठी पडते. दूध घेतले नाही तर कोण काय करणार? दूधकंपनीचा फ्रेंच साहेब धावत कासाब्लांकाला आला. अर्थमंत्र्यांनी संसदेत या लोकांना 'भंजाळलेले' म्हणून घेतले. ऑगस्टमध्ये त्यांचे मंत्रिपद गेले, तेही संसदेने नव्हे, राजाने काढले. बहिष्कार पडलेल्या त्या पेट्रोलपंपांचे मालक अझीझ अखनूश तेव्हा कृषिमंत्री होते. 2021 च्या निवडणुकीत बेनकिरान यांचा पक्ष 125 जागांवरून 13 वर घसरला आणि अखनूश सरकारप्रमुख झाले!

त्यांच्या कारकिर्दीत, 2025 च्या सप्टेंबरअखेरीस, तरुण पोरे रस्त्यावर आली. अगादीर शहरातल्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर बायका दगावल्या होत्या आणि दुसरीकडे 2030 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी स्टेडियम उठत होती. स्टेडियम दिसतात, रुग्णालये कुठे आहेत, एवढेच त्यांचे विचारणे होते. या मुलांनी मागण्यांचे पत्र लिहिले ते थेट राजाला, आणि त्यात सरकार बरखास्त करा म्हटले. चौदा वर्षांच्या सुधारणेनंतर विशीतल्या पोरांनाही दाद मागायला राजवाड्याचेच दार सापडते, याला मी राजाचे यश म्हणेन. घटनेचे म्हणणार नाही.

अजून एक. 2016 मध्ये उत्तरेकडच्या अल होसेमा येथे जप्त झालेले मासे वाचवताना एक मासेविक्रेता कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेला. त्यावरून रिफ भागात उठलेल्या आंदोलनाचे नेते नासेर झेफझाफी यांना 2018 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली. त्या आंदोलनाच्या मागण्यांत इस्पितळ होते, विद्यापीठ होते. राजाच्या शहाणपणावर दोन रकाने लिहिताना त्यांच्यासाठी चार ओळी द्यायला हव्या होत्या.

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग