पावडरीपेक्षा कोनफळ खा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा आमच्या वहिनींनी ऑनलाइन 'वाइल्ड याम' पावडरचा डबा मागवला, साडेआठशे रुपये, वर लिहिलंय नॅचरल प्रोजेस्टेरॉन (बायकांच्या शरीरातलं एक हार्मोन), मेनोपॉजच्या म्हणजे पाळी जातानाच्या त्रासावर. मला हसूच आलं, कारण याम म्हणजे आपलं कोनफळ, कणगर, करांदे यांचंच खानदान आणि आमच्या परसात त्याचे वेल दर पावसाळ्यात मांडवावर चढतात. (सुरण त्यात येत नाही बरं का, तो अळूच्या भाऊबंदांतला.)

पूर्ण थाप असती तर कोणी फसलं नसतं. 1940 च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या अमेरिकन केमिस्टने मेक्सिकोतल्या जंगली यामच्या कंदातून डायोस्जेनिन नावाचं द्रव्य काढलं, त्याचं प्रोजेस्टेरॉन बनवलं, मग 1944 ला मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनी निघाली आणि 1951 मध्ये तिथेच नोरएथिंड्रोन तयार झालं, जे पुढे गर्भनिरोधक गोळ्यांत गेलं. पण हे सगळं लॅबमध्ये, एकामागून एक रिअ‍ॅक्शन करून. आपल्या पोटात डायोस्जेनिनचं प्रोजेस्टेरॉन होतच नाही, मग पावडर खा नाहीतर क्रीम चोळा. आणि कारखान्याला लागायचे ते कंदही वेगळे, मेक्सिकोतला बार्बास्को, आपल्याकडे हिमालयातला डायोस्कोरिया डेल्टॉइडिया, तो तर इतका उपसला गेला की त्याच्या परदेशी व्यापारावर आता बंधनं आहेत.

नायजेरियात जगातलं निम्म्याहून जास्त याम पिकतं, ते लोक उकडून, कुटून, गोळा करून रश्श्याबरोबर खातात, पोट भरायला. आपणही तेच करावं ना! कोनफळ कापलं की आतून असं जांभळं निघतं की पोरं बघत बसतात, हाताला तेवढं तेल लावून घ्या नाहीतर खाज सुटते. उकडून मीठ-तूप लावलं की उपवासाला साबुदाण्याची आठवण येत नाही. करांदे वेलालाच लटकतात छोट्या बटाट्यासारखे, फक्त जंगलातले कडू असतील तर नुसते उकडून भागत नाही, आमची आजी काप करून रात्रभर पाण्यात ठेवायची, पाणी दोन-तीनदा बदलायची, मगच चुलीवर. कच्चे तर अजिबात खाऊ नका.

तुमच्या आरोग्य पानावर असल्या डब्यांबद्दल एकदा कोणा डॉक्टरांकडून लिहून घ्या, बाजूला कोनफळाची एखादी रेसिपीही येऊ द्या. वहिनींचा डबा तसाच फ्रिजवर पडलाय, परत घेत नाहीत म्हणे.

– एक वाचक, अलिबाग