जोमसोमच्या औषध दुकानातल्या दिदींना

सप्रेम नमस्कार दिदी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मराठी तुम्हाला येत नाही, पण नेपाळीची आणि आमची अक्षरं एकच. अडखळत का होईना वाचता येईल, म्हणून लिहिते.

मुक्तिनाथला जाताना जोमसोमला मुक्काम केला, त्या रात्री आईला दहा-बारा जुलाब झाले. अंग तापलेलं, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. मला वाटलं, उंचीचा त्रास. उलटी होईल या भीतीने मी तिला पाणीही देत नव्हते. सकाळी तुमच्याकडे धावत आले आणि जुलाब थांबवायची गोळी मागितली.

तुम्ही ती दिली नाहीत. आधी विचारलंत, रक्त पडतंय का? ताप किती? लघवी कधी झाली? मध्यरात्रीपासून झालीच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ताप असताना किंवा रक्त पडत असताना ती गोळी द्यायची नाही, असं सांगून तुम्ही जीवनजलच्या, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायच्या मीठ-साखरेच्या, पुड्या पुढे ठेवल्यात. संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही तर थेट इस्पितळात न्या, हेही बजावलंत.

मी अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खी पुडी ओतायला निघाले होते. तुम्ही हात धरलात. पुडी एका लिटरची. मिश्रण दाट झालं तर उलट जुलाब वाढतात. इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून तीन मिनिटं खळखळू द्यायचं. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजायचं.

मग विचारलंत, पोखऱ्यात काय खाल्लं? कापलेली काकडी. शिवाय प्यायला बाटलीचं पाणी आणि चूळ भरायला नळाचं! तुम्ही रागावला नाहीत, न उकळलेलं पाणी तोंडात घ्यायचं नाही एवढंच सांगितलंत.

दुपारी चारला आईला लघवी झाली आणि मला रडू फुटलं.

घरी आल्यावर वाचलं, 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्या हातून पाजलं होतं. तुम्हीही चमचा माझ्याच हातात दिलात. आजही तो विश्वास आठवला की गळा दाटून येतो.

तिसऱ्या दिवशी मुक्तिनाथच्या 108 धारांखाली आईने तीर्थ डोक्यावर घेतलं, ओठांना मात्र लावलं नाही. म्हणाली, "दिदीने सांगितलंय." तिचा तुम्हाला आशीर्वाद, आणि माझा नमस्कार.