श्रेय बोटांच्या जखमेला की कानाला?

रविवारच्या पुरवणीतील गिटारवादक टोनी आयोमी यांच्यावरील लेख वाचला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात १७व्या वर्षी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली आणि त्यातूनच त्यांच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश रॉक बँडचा जडशीळ नाद जन्मला, हे त्यातील म्हणणे अर्धेच खरे आहे. आयोमी डावखुरे, म्हणजे तारा दाबायचा हातच जायबंदी. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले आणि हलक्या तारा लावल्या. इथवर ठीक. पण बोटांना सोपे जावे म्हणून तारा सैल करून तीन अर्धस्वर उतरवून वाजवणे आले १९७१च्या तिसऱ्या अल्बममध्ये. तो नाद मात्र १९७०च्या पहिल्याच अल्बममध्ये, नेहमीच्या पट्टीत ऐकू येतो. बँडचेच नाव असलेल्या गाण्याची सुरावट तीन सुरांची आहे: षड्ज, तार षड्ज आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. घरच्या पेटीवर सावकाश वाजवून पाहावी. आमच्याकडे नातवाने ती वाजवली तेव्हा स्वयंपाकघरातून ‘हे काय अभद्र?’ असा प्रश्न आला! हा तीव्र मध्यम अपघाताने सापडलेला नाही, तो आयोमींच्या कानाने निवडला आहे.

– एक वाचक, मिरज